घांस भरविणाऱ्याचें शिक्षण

पुण्यांत नवी पेठेंतील 'निवारा' हें निराधार वृद्धांचें जुनें आश्रयस्थान आहे. अलीकडे शहराच्या चोहोंकडे वृद्धांचीं गृहें झालीं असून आमच्या मंडळ्यांतील भगिनींस तेथें सेवेस जाण्याचा प्रसंग येतो. त्यांस आम्ही विचारूं इच्छितों कीं, मनांत प्रीति असली म्हणजे भरविणें आपोआप येतें काय?

कोणी म्हणेल, आई लेंकरास भरविते ती कोणत्या शाळेंत शिकते? परंतु अर्धांगवायूनें, कंपवातानें किंवा स्मृतिभ्रंशानें ज्याचें गिळणें बिघडलें, त्याची गोष्ट निराळी. घशांत अन्नाची व श्वासाची वाट एकमेकींस लागून आहेत. गिळतांना श्वासाची वाट क्षणभर झांकली जाते. तें झांकणें मंदावलें म्हणजे अन्न फुप्फुसांत उतरतें व न्युमोनिया होतो. ठसका लागला तर समजतें तरी. कित्येकांस तोहि लागत नाहीं, केवळ आवाज ओलसर होतो. आणि साधें पाणीच बहुधा सर्वांत अवघड, कारण घसा तयार होण्यापूर्वींच तें खालीं धांवतें. निजलेल्या आजाऱ्याच्या मुखांत पाणी ओतणारा शेजारी दयाळू असतो, यांत शंका नाहीं. पण त्या दयेनें मनुष्य गुदमरूं शकतो.

म्हणून शिकणें हा प्रीतीचाच भाग होय, असें आमचें मत आहे. आजाऱ्यास ताठ बसवावें, आपण समोर बसावें, लहान चमचा घ्यावा. पहिला घांस गिळलेला पाहिल्यावांचून दुसरा देऊं नये. शेवटीं तोंडांत कांहीं उरलें नाहीं ना तें पाहावें व अर्धा तास आडवें करूं नये. अन्नपाण्याच्या दाटपणाच्या व मऊपणाच्या शून्यापासून सातपर्यंत आठ पायऱ्या आज अनेक देशांत मान्य आहेत; कोणास कोणती योग्य, हें वाचा व गिळणें यांचे तज्ज्ञ ठरवितात. १८६७ सालीं उघडलेल्या ससून रुग्णालयांतून किंवा दुसऱ्या कोठून आजारी घरीं आणतांना हें तेथेंच विचारून घ्यावें.

तथापि धोका टाळणें हेंच सर्वस्व नव्हे. जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्लेला म्हातारा पेज पाहून तोंड फिरवितो, त्यास हट्टी म्हणावें काय? आम्ही म्हणणार नाहीं. तीच भाकरी आमटींत भिजवून, बारीक घोटून एकजीव केली तर चालेल काय, असें तज्ज्ञांस विचारावें. सर्व पदार्थ एकत्र कालवून बेरंगी गोळा पुढें करणें सोईचें असेल, आदराचें नाहीं. याईराच्या कन्येस उठविल्यावर तिला खावयास देण्याविषयीं प्रभूनें सांगितलें, हें लिहावयास मार्क विसरला नाहीं.

उपदेशक बंधूंस एक सूचना. घरीं प्रभुभोजन देतांना कोरड्या भाकरीचा तुकडा व पातळ द्राक्षरस हीं दोन्हीं अशा आजाऱ्यास अवघड असतात. मग कण ओठांस लावणें पुरें काय, याचा विचार पाळकांनीं आधींच करून ठेवावा. आणि त्यास काय गिळतां येतें हें भरविणाऱ्या भगिनीस विचारावें, मग ती मंडळींतील सर्वांत लहान सभासद कां असेना.