साखळीतला हात

तिवसा तालुक्यात संध्याकाळी शाळेच्या मैदानावर कबड्डीचा सराव पाहायला उभं राहा. चढाईला गेलेला पोरगा जरा कचरला की कडेनं आवाज येतो, "पोरीवानी काय पयतं बे!" त्याच्या पाठोपाठ येणारा शब्द ठरलेला: बायल्या. नाहीतर मामू, छक्का. सगळे हसतात. पुष्कळदा हा आवाज गळ्यात शिट्टी अडकवलेल्या सरांचाच असतो. पोराला जोश यावा म्हणून ते ओरडतात, त्यांच्या मनात वाईट नसतं. तरीही मला बोलायचं आहे ते त्यांच्याशीच.

सर, कबड्डी अंगाला अंग भिडवायचा खेळ आहे. बचावातली पोरं हातात हात घालून साखळी धरतात. एकाला हे नाव चिकटलं की शेजारचा त्याचा हात धरायला मागेपुढे पाहतो, कारण जो धरेल त्यालाही तेच नाव पडणार. साखळी सैल पडते, चढाईवाला निसटतो आणि खापर त्याच पोराच्या माथी फुटतं. विभागाच्या स्पर्धेला गावाबाहेर मुक्काम पडला, तर रात्री हॉलमध्ये त्याच्या शेजारी सतरंजी टाकायला कोणी तयार नसतं. दिवे मालवल्यावर त्याच्याशी काय काय होतं, हे सकाळी कोणी सांगत नाही. पुढच्या वर्षी तो नावच देत नाही. आपण म्हणतो, पोराला खेळात गोडी उरली नाही.

तो समलिंगी असेल किंवा नसेलही. आवाज बारीक, चाल मऊ, एवढं निमित्त पुरतं. खरंच असेल तर त्याची कोंडी जास्त मोठी. "पोरं तुलेच काऊन चिडवतात?" असं बापानं विचारलं तर तो काय सांगणार? २०२२ साली फरिदाबादला दहावीतल्या एका मुलानं अशा छळानंतर जीव दिला. त्याची आई त्याच शाळेत शिक्षिका होती आणि आपण शाळेकडे तक्रारी केल्या होत्या, असं तिचं म्हणणं आहे. आई शाळेच्या आत असून ही गत. ज्याची आई निंदणाला वावरात गेलेली असते, त्यानं कोणाकडे पाहावं?

"समलिंगी असणं हे शहरातलं खूळ, आपल्याकडं नाही," असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. धावपटू द्युती चंद ओडिशातल्या एका खेड्यातल्या विणकराच्या घरची. आपलं एका मुलीवर प्रेम आहे, असं तिनं २०१९ मध्ये उघड सांगितलं. घर आणि गाव दोन्ही उलटले. त्याच वर्षी जुलैत नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तिनं १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. अशी किती पाखरं आपण घरट्यातच मारली असतील, या विचारानं मला झोप लागत नाही.

तुकडोजी महाराजांचा आश्रम असलेलं गुरुकुंज मोझरी आपल्याच तालुक्यात आहे. महाराज या विषयावर बोलले होते, असं मी म्हणत नाही. पण सामुदायिक प्रार्थनेत लहान-मोठा, जातपात न पाहता सगळ्यांना एका रांगेत बसवण्याची शिकवण त्यांचीच. संध्याकाळी त्या रांगेत बसणाऱ्या गावानं सकाळी एका लेकराला रांगेबाहेर ढकलावं, हे मला पटत नाही.

मग करायचं काय? कबड्डीत गैरवर्तनाला हिरवं, पिवळं, लाल कार्ड आहे. सरावातही ते खिशात ठेवा. कोणी असा चिडवायचा शब्द उच्चारला की शिट्टी वाजवा, खेळ थांबवा, बोलणाऱ्या पोराला बाहेर बसवा. मग तो संघातला सर्वांत चांगला चढाईवाला का असेना. त्याला शाळेतून काढू नका. त्यानं तो शब्द मोठ्यांकडूनच उचललेला आहे. मुक्कामी एक शिक्षक पोरांच्याच हॉलमध्ये झोपू द्या. कोणी विश्वासानं काही सांगितलं, तर त्याला न विचारता त्याच्या बापाला फोन लावू नका; पोराच्या पाठीवर वळ त्यानंच उठतात. आणि तुमच्या स्वतःच्या तोंडातला शब्द आधी बंद करा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा मानसिक छळ करायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे आणि ती शिक्षकालाही लागू आहे.

विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात, मग तालुक्याच्या स्पर्धांची तयारी लागते. त्याआधी मुख्याध्यापकांनी क्रीडाशिक्षकांना एकदा समोर बसवावं आणि एवढंच विचारावं: गेल्या वर्षी कोणतं पोरगं मधेच खेळ सोडून गेलं, आणि त्याच्या घरी कोण जाऊन आलं?