समासातली ओळ

प्रत्येक खात्यानं आपल्या कामाची पद्धत लिहून काढावी, असं परिपत्रक आलं, तेव्हा आमच्या शाखेत सुतकी शांतता पसरली. काम करणं वेगळं आणि आपण काय करतो ते लिहून देणं वेगळं. लिहून दिलं की पुरावा राहतो!

पण लिहिलं बापड्यांनी. सगळं जुळवून एकच ग्रंथ करायचं माझ्या गळ्यात पडलं. का, तर मी बी.कॉम. आणि वर लेखक! तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे का, व्हाउचर एकानं करून दुसऱ्यानं का तपासायचं, सारं नोंदलं. माणूस चुकतो, क्वचित मोहातही पडतो, म्हणून पद्धत. शिवाय उद्या आमची बदली झाली तरी काम अडू नये.

अडलं ते आम्ही सगळे जागेवर असताना. बाजाराच्या दिवशी एक आजी निराधार योजनेचे पैसे काढायला आल्या. जन्मभर कापूस वेचून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या. यंत्र ओळखच देईना. पहिल्या खिडकीनं दुसरीकडे पाठवलं, दुसरीनं तिसरीकडे. तिसरी माझी. मी म्हणालो, "आजी, हे आमच्या खात्यात येत नाही."

"मंग बापा, मी कोनाच्या खात्यात येते?"

आता गंमत बघा. नियम होता! रिझर्व्ह बँक सांगते, वृद्ध ग्राहकाला अंगठाही उमटवता येत नसेल तर नुसती खूण चालते. ओळख पटवणारे दोन साक्षीदार हवेत, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. ते पान मीच टाइप केलेलं. फक्त आजींना साहेबांच्या टेबलापर्यंत न्यायचं कोणी, हे लिहिलं नव्हतं. पूर्वी आमचे शिपाईमामा नेत. ते मार्चमध्ये निवृत्त झाले, आणि त्यांचं हे काम कुठल्याच खात्यानं आपलं म्हणून लिहिलं नाही.

पद्धतीला हसणं सोपं आहे, वाचकहो. पण ती नसती तर आजींचे पैसे दुसराच कोणी उचलून नेता. प्रश्न एवढाच, की लिहिलेलं केलं म्हणजे कर्तव्य संपलं का? दोन खात्यांच्या मधली चार पावलं कोणाची?

आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे समर्थ रामदास. दासबोधाच्या १९व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडा, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर जाणार नाही, असं ते बजावतात. आम्ही पान काठोकाठ भरलं होतं, आणि झडल्या त्या नेमक्या कडा!

उठलो, आजींना साहेबांकडे नेलं. पाच मिनिटांचं काम. मग ग्रंथाचं ते पान पुन्हा टाइप केलं, रुंद समास सोडला आणि त्यात पेनानं लिहिलं : 'ग्राहक ज्याच्यासमोर उभा, काम होईपर्यंत तो त्याच्याच खात्यातला.'

तपासणीला आलेल्या साहेबांनी बोट ठेवलं, "ही ओळ कुठल्या परिपत्रकातली?"

म्हटलं, "परिपत्रकातली नाही साहेब, समासातली."

त्यांनी लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलं. खोडली मात्र नाही.