उष्णता कुठे अडली ते बघ

वाशीम,
अक्षय्य तृतीया

चि. भाच्यास,

ताईचा फोन आला होता. लग्नाचा व्हिडिओ रेंडरला लावला की प्रोसेसर ९५ अंशांवर जातो आणि तू नवा लिक्विड कूलर मागवायच्या बेतात आहेस म्हणे. ऐन लग्नसराईत एवढा खर्च करू नकोस. आधी दोष कुठे आहे ते शोधू.

मशीनजवळ साधा तापमापक ठेव. तुझ्या लिक्विड कूलरच्या बंद नळ्यांतलं पाणी आपल्या खिडकीतल्या कूलरसारखं काम करत नाही. त्या कूलरचं पाणी वाफ होऊन उडतं म्हणून हवा गार होते. मशीनमधलं पाणी फक्त उष्णता वाहून नेतं, खोलीपेक्षा गार ते कधीच होत नाही. म्हणून प्रोसेसरच्या आकड्यातून खोलीचा आकडा वजा कर. समजा, डिसेंबरात खोली २४ आणि प्रोसेसर ७४, म्हणजे फरक ५०. आता पत्र्याखालची खोली ४० वर असताना प्रोसेसर ९० दाखवत असेल, तर मशीनला काही झालेलं नाही. फरकच वाढला असेल तर बिघाड आहे. हे मोजमाप पहाटे कर, कारण तुझा रायझन ७७००एक्स ९५ ला टेकला की स्वतःच वेग कमी करतो आणि खरा फरक दिसत नाही.

बिघाड असेल तर तापमान कसं चढतं ते पाहा. रेंडर सुरू होताच काही सेकंदांत ९५, आणि रेडिएटर मात्र हाताला गार? मग उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही किंवा पाणी फिरत नाही. पेन्सिलीचं एक टोक पंपाच्या झाकणावर अलगद टेकव आणि दुसरं कानामागच्या हाडाला लाव. बारीक, सलग घरघर ऐकू आली पाहिजे. काहीच ऐकू आलं नाही तर बायोसमध्ये पंपाचे फेरे बघ. मागे माझ्याकडे आलेल्या एका मशीनमध्ये पंपाची वायर कॅबिनेटच्या पंख्याच्या पिनांवर लावलेली होती, आणि बोर्ड तिला पंखा समजून निम्म्या वेगाने चालवत होतं. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट दोनदा बदलून झाल्यावर माझं तिकडे लक्ष गेलं. तू वायर आधी बघ. खळखळ ऐकू आली तर आत हवा अडकली आहे. रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच असला पाहिजे, म्हणजे हवा तिथे जाऊन बसते. पंप ठीक असेल तरच प्रोसेसरवर बसवलेला ब्लॉक काढ, जुनी पेस्ट पुसून नवी लाव आणि स्क्रू आळीपाळीने, तिरपे-तिरपे आवळ.

तापमान पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू चढत असेल आणि रेडिएटर चांगलाच तापत असेल, तर पाणी आपलं काम करतंय, हवा करत नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा हेच निघतं. रिसोडकडच्या एका फोटोग्राफरच्या मशीनचे पंखे सोडवले, तर पंखा आणि रेडिएटरच्या जाळीच्या मधून राखाडी थर कापडासारखा अख्खा सुटून आला. सोयाबीनच्या मळणीचा भुसा, रस्त्याची धूळ, सगळं त्यात होतं. बाहेरून पाहिलं तर मशीन लखलखीत. मऊ ब्रशने आणि ब्लोअरने साफ कर, पण पंख्याची पाती बोटाने धरून ठेव. वॉशिंग सेंटरच्या कॉम्प्रेसरजवळ मशीन नेऊ नकोस, जाळीच्या पातळ पट्ट्या वाकतात.

खोलीतल्या कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडू नकोस. बोअरच्या पाण्यातला क्षार आणि ओल यांनी जाळीवरची धूळ घट्ट चिकटते. कूलर दूर ठेव, पण समोरची खिडकी उघडी असू दे.

आणि फरक नेहमीचाच निघाला, फक्त उन्हाळा जड जातोय, तर बायोसमध्ये ६५ वॅटचा इको मोड लाव. प्रोसेसरची कमाल ओढ १४२ वॅटवरून ८८ वर येते. रेंडरला थोडा वेळ जास्त लागेल, तेवढं चालेल.

पंपच मेला असेल तर लिक्विड कूलर उघडू नकोस. बिल शोधून ठेव, वॉरंटी बाकी असू शकते. रविवारी सकाळच्या गाडीने कारंज्याला येतो, पेस्ट घेऊन येईन. तोवर खोलीचा आणि प्रोसेसरचा, दोन्ही आकडे वहीत लिहून ठेव.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा