काट्याची साक्ष

मोरा बंदरावर मासळीची पाटी काट्यावर चढली, म्हणजे शहाणे गिऱ्हाईक विचारिते, "ह्यात मासळी किती व बर्फ किती?" प्रिय बंधुभगिनींनो, देहाविषयीही असेच विचारावे.

सन २००४ मध्ये पुण्याचे डॉक्टर याज्ञिक व लंडनचे डॉक्टर युडकिन यांनी स्वतःचेच देह तपासून प्रसिद्ध केले की, उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे. परंतु याज्ञिकांच्या देहात चरबी शेकडा २१, युडकिनांच्या शेकडा ९. अशी चरबी पोटाशी दडते व मधुमेहास बोलाविते. म्हणून कंबर मोजावी. पुरुषाची ९० व स्त्रीची ८० सेंटिमीटरांहून अधिक नसावी.

तेव्हा हलक्या मनुष्याने निर्धास्त राहू नये, व कष्टाने अंग भरलेल्या भगिनीस कोणी खादाड म्हणू नये. इशायाच्या घरी शमुवेलही बाह्यरूपाने फसला होता. काट्याची साक्ष खोटी नव्हे, अपुरी होय. अपुऱ्या साक्षीवर कोणाचा न्याय करू नये.