मूल आणायला जाताना



आज पवित्र कुटुंबाचा सण. गव्हाणीपुढे उभे राहिलो की आपली नजर बाळ येशूवर आणि पवित्र मरियेवर स्थिरावते. काठी घेऊन बाजूला उभ्या असलेल्या संत योसेफाकडे फार वेळ कुणी पाहत नाही. आज त्याच्याकडे पाहू या.

मरियेला घरी आण आणि बाळाचे नाव येशू ठेव, असे देवदूताने योसेफाला सांगितले. यहुदी समाजात बाळाला नाव देऊन आपले म्हणणारा पुरुष त्याचा कायदेशीर पिता ठरत असे. येशू दाविदाच्या वंशात मोजला गेला तो योसेफाने त्याला आपले म्हटले म्हणून. पुढे याच बाळासाठी योसेफाने रातोरात परक्या मिसर देशाची वाट धरली.

आपल्या काळातही मुलासाठी परदेशाची वाट धरणारी जोडपी झाली. चीनने १९९२ साली परदेशी पालकांना दत्तकाची दारे उघडली. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, जवळच्या नातेवाइकांचा अपवाद ठेवून, ती बंद झाल्याचे जाहीर झाले. या काळात दीड लाखाहून अधिक मुले परदेशी घरांत गेली. त्यांतील निम्म्याहून अधिक अमेरिकेत. अमेरिकन पालकांचा शेवटचा मुक्काम ग्वांगझू शहरात असे, कारण मुलाचा व्हिसा तेथे मिळे. तेथील शामियान बेटावर लूर्दमातेचे एक जुने चर्च आहे. त्या बेटावरच्या रस्त्यांवरून नवे आईबाप आपल्या लेकरांना बाबागाडीत घेऊन फिरत.

या प्रवासात त्यांना एक गोष्ट उमगली. मूल कोऱ्या पाटीसारखे येत नाही. वर्षाच्या बाळाच्याही जिभेवर तांदळाच्या पेजेची चव असते, कानात चिनी बोली असते. म्हणून अनेक पालकांनी परत आल्यावर पेज करायला शिकून घेतले, घरात चिनी नववर्षाचे लाल कंदील लावले, मुलांना चिनी भाषेच्या वर्गाला घातले. ज्यांची भेट व्हायची असते त्यांना एक अदृश्य लाल धागा बांधून ठेवतो, अशी चिनी लोककथा आहे. मुळात ती लग्नगाठीची कथा. दत्तक पालकांनी ती आपलीशी केली.

पण त्या धाग्याला दुसरेही टोक आहे. एकच मूल ठेवण्याच्या सरकारी सक्तीमुळे कितीतरी मातांनी आपल्या मुली सोडल्या. २००५ साली हुनान प्रांतात अनाथालयांना मुले विकल्याचे प्रकरणही उघड झाले. आपल्या महाराष्ट्रातूनही मुले परदेशी गेली आहेत. मोठेपणी त्यांतील काही जण आपल्या जन्मदात्रीचा माग काढत मुंबई-पुण्याला येतात. त्यांना कृतघ्न म्हणू नका. वाढवणाऱ्या आईवर प्रेम असले तरी जन्म देणारीची आठवण पुसली जात नाही.

आता आपल्या हाटकेशकडे वळू या. येथे कुणाला समुद्र ओलांडायचा नाही. ओलांडायचा आहे तो आपल्या मनाचा उंबरठा. “कुणाचं रक्त असेल कोण जाणे,” “तुम्हाला स्वतःचं नाही का?” असे शब्द आपल्या जिन्यांत, कधी चर्चच्या आवारातही, त्या मुलाच्या देखत बोलले जातात. आम्ही सर्वांनीच ते ऐकले आहेत आणि पुष्कळदा गप्प बसलो आहोत.

पूर्वी कायदाही आपल्या जोडप्यांच्या बाजूने नव्हता. १८९० च्या कायद्याने ख्रिस्ती दांपत्याला केवळ पालकत्व मिळे. मूल सज्ञान झाले की ते संपे. २००० चा बाल न्याय कायदा आणि त्यातील २००६ ची दुरुस्ती यांमुळे चित्र बदलले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले की कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला या कायद्याने मूल दत्तक घेता येते. आज ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. वाट पाहावी लागते, हे खरे. तरीही ओळखीने, परस्पर कुणाचे बाळ उचलून आणू नका. तो गुन्हा आहे आणि कुण्या आईवर अन्यायही होऊ शकतो.

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी त्याला सत्य लवकर आणि प्रेमाने सांगावे. बाहेरच्या तोंडून कळले तर जखम होते. आणि आपण शेजाऱ्यांनी त्या मुलाचे नाव विचारावे, मूळ विचारू नये.

संत पौल शिकवतो की ख्रिस्तामध्ये देवाने आपल्याला दत्तक घेतले आहे. स्नानसंस्काराच्या कुंडाशी आपण सगळेच दत्तक लेकरे झालो. तेथे कुणी आपले रक्त तपासले नाही. मग आपण कुणाचे का तपासावे?

हे प्रभो, योसेफाने तुला आपले म्हटले. तसे दुसऱ्याच्या लेकराला आपले म्हणण्याचे मोठे मन आम्हांला दे. ज्या मातांना आपली बाळे सोडावी लागली त्यांचे अश्रू तू पूस. आमेन.