शीळ कशाशी बांधलेली आहे?

जुन्या स्पोर्ट्स कारमधून येणारी बारीक, लांबलेली शीळ शोधणे खडखडाट शोधण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. खडखडाट खड्ड्यावर होतो, थांबतो, पुन्हा होतो. सैल भाग हाताने हलवून पाहता येतो. शीळ सलग असते, वेगाबरोबर चढते-उतरते, आणि ती कुठून येते असे विचारले तर एकाच गाडीत बसलेली दोन माणसे दोन दिशांना बोट दाखवतात. दोघांनीही लक्षपूर्वक ऐकलेले असते. अडचण कानाच्या रचनेत आहे आणि गाडीच्याही.

आवाजाची दिशा कानाला कशी कळते, याचा उलगडा लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडला. खालच्या पट्टीतल्या आवाजाची लहर एका कानाला आधी आणि दुसऱ्याला किंचित उशिरा पोचते. त्या फरकावरून दिशा समजते. वरच्या पट्टीत डोक्याची सावली पडते आणि पलीकडच्या कानाला आवाज मंद ऐकू येतो. या दोन साधनांच्या मधला, साधारण १५०० ते ३००० हर्ट्झचा पट्टा दोन्हींना नीट सापडत नाही, आणि शिळेचे वरचे स्वरांश बरेचदा त्याच पट्ट्यात पडतात. शिवाय बंद केबिनमध्ये कानापर्यंत पोचणारा आवाज मूळ भागातून थेट आलेला नसतोच. गियरच्या दातांच्या स्पर्शातून उठलेले कंपन धातूतून प्रवास करते आणि फरशीचा पत्रा, मधला बोगदा, मागची भिंत असे मोठे पृष्ठभाग थरथरतात. कान त्या पत्र्याची जागा सांगतो, दोषाची नाही.

माझदा एमएक्स-५ ची पहिली पिढी या बाबतीत चांगले उदाहरण ठरते. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी प्रथम दाखवण्यात आली. अमेरिकेत ती मियाटा आणि जपानमध्ये युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. १६०० सीसीचे इंजिन पुढे, चाल मागच्या चाकांना, आणि या दोघांना जोडणारी एक लांब ॲल्युमिनियमची चौकट, जिला माझदाने पॉवर प्लँट फ्रेम असे नाव दिले. गियरबॉक्सच्या मागचे टोक आणि मागचे डिफरन्शियल या चौकटीने घट्ट एकत्र बांधलेले असतात. गियरबॉक्सला स्वतःचा वेगळा रबरी आधारही नाही. पुढे इंजिनचे आधार आणि मागे डिफरन्शियलचे आधार यांच्यावरच सगळा सांगाडा तोललेला असतो. अॅक्सिलरेटर दाबताच मागच्या चाकांनी तत्काळ प्रतिसाद द्यावा म्हणून ही रचना केली, आणि ती उत्तम चालते. पण तिच्यामुळे डिफरन्शियलमध्ये उठलेले कंपन चौकटीतून पुढे सरकते आणि चालकाला ते गियरच्या दांड्यापाशी ऐकू येते. मग गियरबॉक्स गेला असे निदान होते आणि निर्दोष गियरबॉक्स खाली उतरतो.

म्हणून ‘आवाज कुठून येतो’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘आवाज कशाबरोबर बदलतो’ हा प्रश्न विचारणे शहाणपणाचे आहे. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ च्या ‘सिस्टिम ऑफ लॉजिक’मध्ये कारणे शोधण्याच्या ज्या पद्धती सांगितल्या, त्यांत सहपरिवर्तनाची पद्धत आहे: एक गोष्ट बदलली की दुसरी ठरावीक रीतीने बदलत असेल, तर दोघींत कारणाचे काही नाते आहे. गाडीतल्या आवाजाला ही पद्धत फार नेमकी लागू पडते, कारण गाडीत फिरणारी प्रत्येक गोष्ट कशाला तरी ठरावीक प्रमाणात बांधलेली असते. काही भाग इंजिनच्या फेऱ्यांशी बांधलेले, काही चाकांच्या फेऱ्यांशी, काही स्टिअरिंगच्या ताणाशी, आणि पेट्रोल पंपासारखे काही या कशाशीच नाही. शीळ कोणत्या कुटुंबातली आहे हे ठरले की शंभर शक्यतांच्या पाच-सहा उरतात, आणि तोवर एकही नट सैल करावा लागत नाही.

पहिली चाचणी गाडी उभी असताना होते. न्यूट्रलमध्ये इंजिनच्या फेऱ्या वाढवल्यावर शीळ चढली, तर चाके, डिफरन्शियल आणि प्रॉपेलर शाफ्ट सुटले. १६०० सीसीच्या एमएक्स-५ मध्ये पुढे दोन पट्टे असतात: एक अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप फिरवतो, दुसरा पॉवर स्टिअरिंग आणि एसी, जिथे ते बसवलेले असतील तिथे. दुसरा पट्टा काढून इंजिन चालवता येते; पहिला काढला तर पाणी फिरत नाही, म्हणून ती चाचणी मिनिटभराचीच. पट्टा काढताच शीळ गेली, तर दोषी त्या पट्ट्यावरच आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आवाज वाढत असेल तर आधी तेलाची पातळी पाहावी, कारण तेल कमी पडून हवा ओढली की पंप ओरडतो. दोन्ही पट्टे काढूनही आवाज राहिला आणि टायमिंग बेल्ट नुकताच बदललेला असेल, तर तो जास्त ताणला गेल्याची शंका घ्यावी.

क्लचची चाचणी तर आणखी सोपी आहे, आणि तिच्याकडे जेवढे दुर्लक्ष होते तेवढे कशाकडेच होत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये उभी, इंजिन मंद चालू, पाय क्लचवरून काढलेला: या स्थितीत गियरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि खालचा काउंटर शाफ्ट फिरत असतात. क्लच दाबला की ते थांबतात. आवाजही थांबला तर त्या शाफ्टची बेअरिंग वाजत आहेत. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग. पायाच्या एका हालचालीने दोन निदानांत निवड होते.

उभ्या गाडीत काहीच ऐकू आले नाही, तर रस्त्यावर जावे लागते. इथे आकडे कामाला येतात. या गाडीच्या मूळ १८५/६० आर १४ टायरचा घेर सुमारे १.८ मीटर आहे, म्हणजे ताशी ८० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला बारापेक्षा थोडे जास्त वेळा फिरते. डिफरन्शियलचे प्रमाण ४.३: पिनियन या लहान गियरला १० दात, क्राउन व्हील या मोठ्या गियरला ४३. तेव्हा दातांच्या जोड्या सेकंदाला सुमारे ५२५ वेळा एकमेकांत बसतात, आणि डिफरन्शियलची शीळ त्याच कंपनसंख्येवर किंवा तिच्या पटींवर असायला हवी. फोनमधले आवाजाचा आलेख काढणारे साधे ॲप ही संख्या दाखवू शकते. वेग ६० वर आणला की ती ३९५ च्या आसपास उतरली पाहिजे. उतरली नाही तर डिफरन्शियलवरचा आरोप मागे घ्यावा.

ॲप नसले तरी गियर बदलून हेच कळते. ताशी ८० च्या वेगाला चौथ्या गियरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे ३,१५० फेऱ्या घेते, कारण चौथा गियर थेट एकास एक आहे. पाचव्यात तेच प्रमाण ०.८१४ असल्याने फेऱ्या २,५७० पर्यंत येतात. वेग तोच ठेवून चौथ्यातून पाचव्यात गेल्यावर शिळेचा सूर जागचा हलला नाही, तर ती गियरबॉक्सच्या मागे, चाकांच्या बाजूला आहे. सूर उतरला, तर तो गांधारावरून षड्जावर आल्याइतका स्पष्ट उतरतो. हा फरक ऐकायला संगीताचे शिक्षण लागत नाही. चौथ्या गियरची आणखी एक खूण आहे. त्यात ताकद सरळ इनपुटकडून आउटपुटकडे जाते आणि काउंटर शाफ्ट फक्त सोबत फिरतो. बाकी गियरांत ओरडणारी गाडी चौथ्यात शांत होत असेल, तर काउंटर शाफ्ट आणि त्याची बेअरिंग यांच्याकडे वळावे.

वेगाशी बांधलेल्या कुटुंबातही सदस्य बरेच आहेत: डिफरन्शियल, चाकांची बेअरिंग, टायर, आणि स्पीडोमीटरची केबल. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये ही केबल यांत्रिक आहे, आणि सुकली की डॅशबोर्डामागून ती अशी कुरकुरते, किणकिणते की ऐकणाऱ्याचा पुरता गोंधळ उडावा. इथे दुसरा बदल करून पाहावा लागतो: वेग तोच, पण भार वेगळा. अॅक्सिलरेटर दाबून ओढताना, पाय काढून गाडी इंजिनवर थोपवताना, आणि दोन्हींच्या मधल्या तरंगत्या अवस्थेत, अशा तीन स्थितींत ऐकावे. केबलला भाराशी काही देणेघेणे नसते. टायरलाही जवळजवळ नाही. डिफरन्शियल मात्र भार बदलताच आवाज बदलते, आणि याचे कारण त्याच्या दातांत आहे. मागच्या ॲक्सलमधले हायपॉइड गियर १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या ग्लीसन कंपनीने विकसित केले. यात पिनियनचा अक्ष क्राउन व्हीलच्या मध्याच्या खाली सरकवलेला असतो, त्यामुळे दात मोठे आणि मजबूत करता येतात. पण ते एकमेकांवर नुसते गडगडत नाहीत, लांबीच्या दिशेने घसरतातही. ओढताना दाताची एक बाजू भार घेते, थोपवताना दुसरी. पिनियनची बेअरिंग झिजली की पिनियन किंचित मागेपुढे होतो, दातांचा स्पर्श चुकीच्या जागी होतो आणि शीळ उठते. ती फक्त एकाच अवस्थेत येत असेल तर दाताची कोणती बाजू बिघडली आहे, हेही त्यातून कळते.

चाकाचे बेअरिंग वळणावर उघडे पडते. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा घूं-घूं वाढली तर उजवीकडचे बेअरिंग, उजवीकडे वळताना वाढली तर डावीकडचे. टायरचा आवाज रस्त्याच्या पृष्ठभागाबरोबर बदलतो, आणि पुढचे टायर मागे घातले की त्याची जागा बदलते.

एवढे करूनही एक शक्यता राहते, आणि जुन्या गाडीत ती फार मोलाची आहे: आवाज नवा नसेलच, त्याला केबिनमध्ये यायला नवी वाट मिळाली असेल. प्रत्येक गियरबॉक्स आणि डिफरन्शियल थोडेफार गातेच. ते गाणे अडवायला रबर, गालिचे आणि पडदे असतात. एमएक्स-५ च्या गियरच्या दांड्याखाली रबरी बूट असतात. तीस वर्षांच्या उष्णतेने ते चिरतात आणि बोगद्यातली गरमी आणि आवाज सरळ चालकाच्या मांडीशी येतात. डिफरन्शियलचे रबरी बुश कडक झाले, किंवा कुणी हौसेने त्यांच्या जागी पॉलियुरेथेनचे बसवले, तरी तेच होते. वजन घटवायला गालिचे काढून टाकलेल्या गाडीत तर मूळचेच सगळे आवाज ऐकू येतात. अशा गाडीचे डिफरन्शियल बदलणे हा पैशाचा शुद्ध अपव्यय आहे. बूट तपासायला दांड्याभोवतीचे प्लास्टिक उचलणे पुरते, म्हणून मोठा खर्च करण्याआधी ते उचलले पाहिजे.

तपासाच्या या क्रमात शिस्त एकच लागते, पण ती पाळायला कठीण: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तेल, टायर आणि बुश एकाच दिवशी बदलले आणि शीळ गेली, तर गाडी शांत झाली, पण काय बिघडले होते ते कुणालाच कळले नाही. ती परत आली की तपास पुन्हा पहिल्या पायरीवर. सुरुवात तेलापासून करणे योग्य, कारण ते स्वस्त आहे आणि पुरावाही देते. १६०० सीसीच्या गाडीच्या डिफरन्शियलमध्ये तेल एक लिटरहूनही कमी असते, म्हणून थोडी गळतीही जाणवते. भरण्याचा नट आधी उघडावा. तो गंजून अडकला असेल आणि खालचा नट आधीच काढला असेल, तर गाडी तिथेच उभी राहते. बाहेर आलेल्या तेलात करडी, मऊ भुकटी असणे स्वाभाविक आहे. चमकते पापुद्रे किंवा दातांचे तुकडे दिसले तर गाडी चालवणे थांबवावे. हायपॉइड दातांना अतिदाब सोसणारे जीएल-५ दर्जाचे तेल लागते. दुसरे काही भरलेले असेल तर शिळेचे कारण कदाचित तिथेच सापडेल.

दोष खरोखर डिफरन्शियलमध्ये ठरला, तरी नवी बेअरिंग घालून शीळ जाईलच असे नाही. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार केलेले असतात. बिघडलेल्या बेअरिंगवर गाडी बराच काळ चालली असेल तर दात त्या चुकीच्या स्थितीतच झिजलेले असतात, आणि पिनियन अचूक जागी आणल्यावर ते आणखी ओरडू शकतात. दातांना रंग लावून स्पर्शाचा ठसा पाहिला की हे आधीच कळते. ठसा दाताच्या मध्यावर आणता येत असेल तर बेअरिंग आणि अंतर जुळवणारे शिम बदलावेत. येत नसेल तर जोडीच बदलायची, किंवा दुसऱ्या गाडीतून उतरवलेले चांगले डिफरन्शियल बसवायचे. बहुतेक वेळा खर्चात हेच परवडते. आणि तेलात धातू नसेल, बेअरिंगमध्ये ढिलाई नसेल, शीळ महिनोन्महिने तेवढीच राहत असेल, तर काहीही न करता दर काही महिन्यांनी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, त्याच गियरमध्ये तिचे ध्वनिमुद्रण करून जुन्याशी ताडून पाहणे, हाही उपचाराचा रीतसर मार्ग आहे.