पितळेचे पापपुण्य

घरातील फुटके पितळी भांडे मोडीत घातले, की ओताऱ्याच्या भट्टीत त्याचा पूर्वेतिहास पुसला जातो. त्याची समई झाली, तर ती आधी काय होती हे कोणी विचारीत नाही. हीच सवलत बंदुकीच्या रिकाम्या पुंगळीला द्यावी काय? बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राचे गाव. त्यामुळे हा प्रश्न आपणांस अगदीच परका नाही.

पुंगळीचे पितळ म्हणजे सुमारे ७० भाग तांबे व ३० भाग जस्त. बार उडाल्यावरही ते बहुधा अखंड राहते. मग त्याच्यापुढे दोन वाटा असतात: नवी टोपी व दारू भरून पुन्हा काडतूस होणे, किंवा वितळून दिवा होणे. परवान्यावाचून पहिली वाट धरणे हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने गुन्हा आहे. वाट निवडतो तो माणूस, धातू नव्हे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तेथील चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ हे साल आजही दिसते. तिच्या नादाने कोणाची भक्ती उणावलेली नाही.

तेव्हा धातूला विटाळ नाही, हे मान्य. परंतु एवढ्यावर प्रश्न मिटत नाही. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ निकामी दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जण मरण पावले. त्यांत रोजंदारीवर आलेले आसपासचे गावकरीही होते. पोटासाठी चांदमारीच्या माळावर भंगार वेचणाऱ्याच्या हाती रिकामी पुंगळी लागते, तसा न फुटलेला गोळाही लागू शकतो. स्वस्त पितळेच्या किमतीत ही जोखीम धरलेली नसते. ती वेचणारा पदरची घालतो.

लष्करात झाडलेल्या पुंगळ्या मोजून परत जमा कराव्या लागतात. वरकरणी ही रुक्ष कारकुनी वाटते. पण वस्तू कोठून आली व कोणाच्या हातून गेली, याचे उत्तर देण्याची ती तयारी आहे. नीतीचा आरंभ बहुधा अशाच हिशोबात असतो. अग्नी धातू शुद्ध करतो. व्यवहार शुद्ध करण्याचे काम त्याच्यावर सोपवता येत नाही. म्हणून समई घेताना ती पूर्वी काय होती, हे न विचारले तरी चालेल. तिचे पितळ कोणी व कोणत्या धोक्यात वेचले, हे मात्र विचारलेच पाहिजे.